तंतुजाळी आणि सिमेंटच्या मसाल्याने आरसीसी बीमचं मजबुतीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाण्यापासून खाली कोकणापर्यंतच्या सोसायट्यांमध्ये बीमदुरुस्तीची कामं करताना तेच ते प्रश्न परत परत येतात. कधी सर्वसाधारण सभेत, कधी पार्किंगमध्ये टेकूंच्या मधे उभं राहून, कधी रात्री फोनवर. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सेक्रेटरी, घरमालक आणि साइटवर नव्याने आलेला इंजिनिअर, तिघांनाही उपयोगी पडावीत असा प्रयत्न आहे.

आमच्या बीमला नेमकं झालंय काय? वरून तर एकच चीर दिसते.

चीर कुठल्या दिशेने जाते ते आधी बघा. बीमच्या तळाला, लांबीच्या दिशेने, सळईच्या रेषेवरून सरळ धावणारी चीर असेल तर आतली सळई गंजते आहे असं समजा.

ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा ते तेरा असतो. इतक्या अल्कलीत लोखंडावर एक अतिपातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई वर्षानुवर्षं सुखरूप राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, पीएच नऊच्या खाली आणतो आणि तो थर मोडतो. समुद्राकाठी आणखी एक शत्रू आहे, क्लोराइड, म्हणजे मीठ. ते खाऱ्या वाऱ्यातून येतं, आणि जुन्या इमारतींत खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर पहिल्या दिवसापासून आतच बसलेलं असतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरतं. सळई आतून फुगते, बाहेरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ढकलते, चीर पडते, चिरेतून आणखी पाणी शिरतं.

कव्हरचाही हिशेब आहे. आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट मानकाच्या १९७८च्या आवृत्तीप्रमाणे बीमच्या मुख्य सळईला २५ मिमी कव्हर चालत असे. २०००च्या आवृत्तीत तीव्र हवामानासाठी ते ४५ मिमी झालं. त्यामुळे जुन्या इमारतीचं काम त्या काळच्या नियमाप्रमाणे अगदी चोख झालेलं असलं, तरी किनाऱ्यावर ते कव्हर तोकडं पडतं.

हे एफआरसीएम म्हणजे काय?

‘फॅब्रिक रिइन्फोर्स्ड सिमेंटिशियस मेट्रिक्स’, शीर्षकातली तंतुजाळी ती हीच: कार्बन, काच, बेसॉल्ट (एक दगड) किंवा पीबीओ (एक कृत्रिम तंतू) यांची विणलेली उघडी जाळी आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा बारीक सिमेंटचा मसाला. जाळीची भोकं साधारण १० ते २५ मिमीची असतात, म्हणजे मसाला आरपार जाऊन मागच्या थराला मिळतो. एकेक थर तीन ते पाच मिमीचा. दोन जाळ्यांचं काम धरलं तरी सगळी जाडी १५ मिमीच्या आसपास राहते. यालाच काही ठिकाणी टीआरएम (टेक्स्टाइल रिइन्फोर्स्ड मॉर्टर) म्हणतात.

कल्पना आपल्याकडे अगदी परकी नाही. फेरोसिमेंटच्या पाण्याच्या टाक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना लगेच उमगेल: तारेच्या जाळीवर थापलेला सिमेंटचा पातळ, चिवट थर. लाम्बो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८४८ मध्ये अशीच होडी बांधली होती. फरक इतकाच की तारेची जाळी गंजते आणि या तंतूंना गंज माहीत नाही.

प्लास्टरच्या मालात फायबरची पुडी टाकतात, तेच ना हे?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. त्या पुडीतले पॉलिप्रॉपिलीनचे आखूड तंतू गिलावा सुकताना पडणाऱ्या केसासारख्या चिरा आवरतात. गिलाव्यासाठी ते चांगलेच आहेत, पण बीमची वजन पेलायची ताकद त्याने वाढत नाही. कोटेशनमध्ये नुसतं ‘फायबर रिइन्फोर्स्ड मॉर्टर’ लिहिलं असेल तर कुठला तंतू, किती, आणि त्यावर कुठलं डिझाइन केलं, हे विचाराच.

आखूड तंतूंचीही एक ताकदवान जात आहे. मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी विकसित केलेलं ईसीसी (इंजिनिअर्ड सिमेंटिशियस कॉम्पोझिट) ओढलं की एका मोठ्या चिरेने न तुटता शेकडो सूक्ष्म चिरांनी ताणत जातं. स्टीलचे बारीक तंतू घातलेलं यूएचपीएफआरसी, म्हणजे अतिउच्च ताकदीचं तंतुयुक्त काँक्रीट, तर दाबात साध्या काँक्रीटच्या कितीतरी पुढे जातं. पण हे माल कारखान्यात ठरलेल्या प्रमाणाचे असतात, घमेल्यात अंदाजाने कालवायचे नव्हेत.

कार्बनची पट्टी इपॉक्सीने चिकटवतात, त्यापेक्षा हे बरं का?

कोरड्या, थंड, बंदिस्त जागेत पट्टी उत्तम काम करते आणि तेवढ्याच तंतूकडून जास्त ताकद मिळवते. इपॉक्सी धाग्याच्या प्रत्येक तंतूपर्यंत भिनतं, सिमेंटचे कण तसे भिनत नाहीत. जाळीच्या धाग्यातले बाहेरचे तंतू मसाल्याला धरून असतात आणि आतले त्यांच्यातून सरकू शकतात. डिझाइनमध्ये जाळीची पूर्ण तुटण्याची ताकद का धरत नाहीत, याचं हे एक मोठं कारण.

आपल्याकडचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. साध्या तापमानाला घट्ट होणारी इपॉक्सी बहुधा ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. आग लागली तर पट्टी सर्वांत आधी निकामी होते. इपॉक्सीला पृष्ठभाग कोरडा लागतो, आणि संडास-बाथरूमच्या खालचा बीम आपल्याकडे कधी खरोखर कोरडा असतो? सिमेंटचा मसाला ओल्या काँक्रीटवर बसतो, वाफ बाहेर जाऊ देतो, जळत नाही आणि जुन्या काँक्रीटच्याच स्वभावाचा असतो. दमट किनाऱ्यावरच्या राहत्या इमारतीत माझा कल म्हणून जाळीकडे असतो. तरी एक सांगतो: सिमेंट जळत नाही म्हणजे बीमला आगीचं प्रमाणपत्र मिळालं असं नव्हे. आगीचा विचार वेगळा करावा लागतो.

मग सरळ काँक्रीटचं जॅकेट का करत नाही?

जॅकेट म्हणजे बीमभोवती नव्या काँक्रीटचं जाड कवच. करतो, गरज असेल तिथे. पण वजन बघा. २३० बाय ४५० मिमीचा बीम, वर १२० मिमीचा स्लॅब. तीन बाजूंनी ७५ मिमीचं जॅकेट केलं तर मीटरमागे साधारण १९५ किलो वजन वाढतं. चार मीटरच्या बीमला ७८० किलो. तेच १५ मिमीच्या जाळीच्या थराने मीटरमागे तीसेक किलो, म्हणजे सगळ्या बीमला सव्वाशे किलोच्या आत. जॅकेटचं वजन त्याच जुन्या कॉलमवर आणि त्याच जुन्या पायावर जातं. शिवाय पार्किंगमधल्या बीमची उंची ७५ मिमीने खाली आली तर गाडीचं कॅरिअर घासतं.

वजनाच्या याच कारणाने जर्मनीत श्वाइनफुर्ट इथल्या एका महाविद्यालयाच्या पातळ, वक्र काँक्रीट छपराला २००६ मध्ये कार्बनच्या जाळीचा काही मिलिमीटरचा थर दिला गेला. प्रत्यक्ष बांधकामात या पद्धतीने झालेल्या पहिल्या मजबुतीकरणांपैकी ते एक. त्याआधी १९९९ पासून ड्रेस्डेन आणि आखेन इथे यावर मोठं संशोधन चालू होतं.

जाळी लावली की गंजून गेलेल्या सळईची भरपाई होते का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून हिशेब मांडूनच उत्तर देतो.

बीममध्ये तळाला १६ मिमीच्या तीन सळया आहेत. एकूण क्षेत्रफळ ६०३ चौरस मिमी. गंजाने त्या १४ मिमी उरल्या. डोळ्याला दोन मिमी म्हणजे काहीच वाटत नाही, पण क्षेत्रफळ ४६२ वर आलं, जवळजवळ चौथाई लोखंड गेलं. ४१५ ग्रेडच्या स्टीलची डिझाइनची ताकद (४१५च्या ०.८७ पट) धरली तर ओढ सोसण्याची सुमारे ५१ किलोन्यूटन ताकद कमी झाली (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार).

आता जाळी. समजा कार्बनची जाळी मीटर रुंदीला ५० चौरस मिमी तंतू देते. २३० मिमी रुंदीच्या तळावर त्यातले साडेअकरा चौरस मिमी येतात. डिझाइनचा ताण १००० मेगापास्कल (चौरस मिमीला तेवढे न्यूटन) धरला तर एका थराची ताकद साडेअकरा किलोन्यूटन, दोन थरांची तेवीस. गेले ५१, आले २३. १६ मिमीची एक नवी सळई मात्र एकटीच सुमारे ७३ किलोन्यूटन देते.

म्हणून सळई खूप गेलेली असेल तर आधी नवी सळई बांधायची, ती कॉलममध्ये नीट रुजवायची, मायक्रोकाँक्रीटने (बारीक खडीच्या, सहज वाहणाऱ्या काँक्रीटने) घडण पूर्ववत करायची आणि मग जाळीचा विचार करायचा. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या एसीआय ५४९.४आर या मार्गदर्शिकेतही वाकण्याच्या ताकदीतली वाढ मूळच्या निम्म्यापेक्षा जास्त धरू नये असं बंधन आहे.

स्लॅबमध्ये हेच गणित पालटतं. ८ मिमीच्या सळया १५० मिमीवर असतील तर मीटर रुंदीत ३३५ चौरस मिमी लोखंड असतं, ताकद १२१ किलोन्यूटन. जाळीचा एक थर तिथे पूर्ण मीटर रुंदीवर पसरतो आणि ५० किलोन्यूटन देतो. रुंद आणि पातळ अवयवाला जाळी फार मानवते. अरुंद आणि खोल बीमला ती जपून वापरावी लागते.

दुसरी गोष्ट, बीमवर आज जे वजन आहे ते जुन्या सळयांनी आधीच उचललेलं आहे. जाळी लावल्यानंतर जे वजन वाढेल तेवढ्याचाच वाटा ती घेते. म्हणून काम सुरू करण्याआधी जॅकच्या टेकूंनी बीमला हलकासा आधार देऊन भार उतरवायचा आणि मसाला पक्का झाल्यावरच टेकू सोडायचे. टेकू खालच्या मजल्यावर थांबवायचे की जमिनीपर्यंत न्यायचे, हे इंजिनिअरने लेखी द्यावं.

काम प्रत्यक्ष कसं होतं?

ठोकण्यापासून सुरुवात. हातोडीने बीम इंचाइंचाने वाजवतो. घट्ट काँक्रीट टणटण बोलतं, सुटलेलं भद्द बोलतं. भद्द आवाजाच्या जागा खडूने वेढून घ्यायच्या. तिथलं काँक्रीट तोडून सळई पूर्ण मोकळी करायची, तिच्या मागे बोट फिरेल इतकी. अर्धी सळई काँक्रीटमध्ये ठेवून पुढची बाजू रंगवून टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे.

ताज्या तोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कलीत रंग बदलणारं रसायन फवारतो. निरोगी काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेला, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला, भाग तसाच राखाडी राहतो. एका पार्किंगच्या बीमवर मी सोसायटीच्या काकांना हे दाखवलं होतं: सळईच्या अलीकडे सगळं राखाडी, पलीकडे चार बोटं आत गुलाबी रेघ. काकांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “म्हणजे सळई उघड्यावरच होती की.” अगदी बरोबर.

त्यानंतर सळईवरचे गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या फवाऱ्याने पार चमकेपर्यंत काढायचे, कॅलिपरने व्यास मोजून नोंदवायचा, संरक्षक लेप द्यायचा, तोडलेला भाग दुरुस्तीच्या मसाल्याने भरायचा. युरोपीय मानकातला आर४ वर्गाचा मसाला मागावा: दाबात किमान ४५ मेगापास्कल, चिकटण्यात किमान २.

जाळीसाठी पृष्ठभाग छिन्नीने टाचून खडबडीत करायचा. खडी दिसली पाहिजे. गुळगुळीत काँक्रीटवर थापलेली जाळी म्हणजे भिंतीवर लावलेला कागद. आदल्या दिवसापासून पाणी मारायचं आणि काम सुरू करताना पृष्ठभागाची तहान भागलेली असावी, पण वर पाणी चमकता कामा नये. गवंड्याने तळवा टेकवला तर तो गार लागावा, ओला होऊ नये. कोरडं काँक्रीट नव्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतं आणि सांध्यावरच भुकटी तयार होते.

पहिला थर, त्यात जाळी, थापीने दाबून भोकांतून मसाला वर येईपर्यंत. मसाला ओला असतानाच पुढचा थर. जाळीचे तुकडे जोडताना एकावर दुसरा किमान १५० मिमी चढवायचा, उत्पादकाने जास्त सांगितलं असेल तर तेवढा. बाजूंवर चढवायची असेल तर बीमचे कोपरे आधी गोल करायचे, धारदार कोपऱ्यावर धागा तुटतो. शेवटी पाणी. पंधरा मिमीचा थर मे महिन्यात दुपारभरात सुकतो, म्हणून ओलं गोणपाट गुंडाळून ते निदान आठवडाभर ओलं ठेवायचं. साइटवर सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात, कारण एव्हाना मजूर पुढच्या बीमवर गेलेले असतात.

कुठल्या तंतूची जाळी घ्यावी?

कार्बन ताठ आणि महाग. काचेची घेतली तर ती झिर्कोनियायुक्त, अल्कलीला टिकणारी हवी. साधी काच सिमेंटमध्ये हळूहळू खाल्ली जाते. बेसॉल्ट मधल्या वाटेवर आहे, त्यालाही लेप चांगला लागतो. कार्बनबद्दल एक धोका कमी लोकांना ठाऊक असतो: तो वीजवाहक आहे. उघड्या सळईला तो थेट टेकला तर दोघांची बॅटरी होते आणि सळईच आणखी गंजते. मधे मसाल्याचा सलग थर हवाच.

जाळी नेहमी तळालाच का लावता?

कारण दोन्ही टोकांना टेकलेला बीम मधोमध खालून ताणला जातो. पण कॉलमवरून पुढे जाणारा सलग बीम कॉलमपाशी वरून ताणला जातो, आणि बाहेर झुकलेल्या बाल्कनीचा बीम तर मुळापाशी वरूनच. अशा बाल्कनीच्या तळाला कितीही जाळी लावली तरी ती पडण्यापासून वाचत नाही. वरची फरशी उचलून वरूनच काम करावं लागतं. बाल्कनीच्या दुरुस्तीचं कोटेशन फक्त खालच्या बाजूचं असेल तर मी सही करत नाही.

वरून मजबुतीकरण करण्याचं मोठं उदाहरण स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों पुलांचं आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये त्या जुळ्या, दोन किलोमीटरहून लांब पुलांच्या डेकवर सुमारे ४० मिमीचा यूएचपीएफआरसीचा थर सळया घालून ओतला गेला. ताकदही वाढली आणि पाणी आत जाणंही थांबलं.

शिअरसाठी, म्हणजे बीम कॉलमवर टेकतो तिथल्या तिरप्या चिरांसाठी, जाळी इंग्रजी यू अक्षरासारखी तिन्ही बाजूंनी गुंडाळतात. तिची वरची टोकं स्लॅबखाली सुटू नयेत म्हणून तिथे अँकर लागतात. तिरपी चीर दिसली तर वाट बघू नका, टेकू आधी लावा.

दोन वर्षांपूर्वीच दुरुस्ती केली होती. आता त्याच्या शेजारीच फुटलं. फसवलं का आम्हाला?

फसवणूक असेलच असं नाही. काँक्रीटमध्ये मीठ असेल तर एक ठिगळ नवं केलं की आतापर्यंत त्या ठिकाणी होणारा गंज शेजारच्या जुन्या भागात सुरू होतो. ठिगळाच्या कडेकडेने नव्या चिरा दिसतात. म्हणून आधी क्लोराइड मोजायचं. आयएस ४५६ मध्ये आरसीसीसाठी घनमीटरला ०.६ किलोची मर्यादा आहे. त्याच्या वर असेल तर चिरेच्या बऱ्याच पुढपर्यंत तोडणं, किंवा ठिगळाच्या कडेला जस्ताचे बळीचे ॲनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, बसवणं, असा विचार करावा लागतो.

हेही खरं की काही वेळा काम खरोखर वाईट असतं. एका इमारतीत आम्ही बीमचा गिलावा काढला तेव्हा आत गंजाच्या पापुद्र्यांवर थेट जाळी आणि तिच्यावर मसाला थापलेला निघाला. पापुद्रा बोटाने उचलला तर जाळीसकट वीतभर थर हातात आला. जाळी उत्तम प्रतीची होती. मला त्या रहिवाशांचं फार वाईट वाटलं, कारण त्यांनी पैसे योग्य वस्तूवर खर्च केले होते आणि तिच्याखालचं काम कोणी केलंच नव्हतं.

घर रिकामं करावं लागेल का?

इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या निकालावर अवलंबून. मुंबईत सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची इमारत, तिथे जाळीचा विषयच नाही. सी-२अ मध्ये पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब मध्ये लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ मध्ये किरकोळ. राहत्या घरात काम असेल तर तोडताना धूळ आणि आवाज सोसावाच लागतो, जाळीचा टप्पा मात्र शांत असतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं.

आणि वरच्या बाथरूमची गळती आधी थांबवा. ती चालू ठेवून खालचा बीम दुरुस्त करू नका.

काम नीट झालं हे आम्हाला कसं कळेल?

तीन गोष्टी मागा. तोडल्यानंतरचे आणि साफ केलेल्या सळईचे फोटो, प्रत्येक बीमचा नंबर घातलेले. मोजलेल्या व्यासांची नोंद. आणि पुल-ऑफ चाचणी: ५० मिमीची धातूची चकती थरावर चिकटवून, भोवती कापून, यंत्राने ओढतात. ती जुन्या काँक्रीटचा तुकडा घेऊन निघाली तर उत्तम, सांधा जुन्या काँक्रीटपेक्षा मजबूत आहे. जुनं काँक्रीट आणि मसाला यांच्या सांध्यातून स्वच्छ सुटली तर पृष्ठभाग टाचणं किंवा पाणी मारणं कमी पडलं. शिवाय २८ दिवसांनी हातोडी घेऊन स्वतः वाजवा, भद्द आवाज आता तुम्हालाही ओळखता येईल.

जाळी लावलेल्या बीमला नंतर ड्रिल मारलं तर चालेल का?

तळाला अजिबात नाही. प्रत्येक भोक काही धागे तोडतं आणि तुटलेला धागा जोडता येत नाही. एसीच्या पाइपसाठी बीममधून कोअर कापणं, म्हणजे आरपार गोल भोक पाडणं, तर कुठल्याच बीमला करू नये, मुख्य सळयांभोवतीच्या रिंगा कापल्या जातात. पंखा किंवा दिवा टांगायचा असेल तर स्लॅबला टांगा, तिथेही जाळी असेल तर नकाशा बघून. जाळीचा हा नकाशा काम संपताना ठेकेदाराकडून घ्या, सोसायटीच्या फाइलमध्ये लावा आणि फ्लॅट विकला जाईल तेव्हा नव्या मालकाला त्याची प्रत द्या.